भुशाच्या भट्टीत वाढलेले स्फटिक

२००६ साली गोंदियात वीज कधी गेली असं कोणी विचारत नसे. कधी येणार एवढंच विचारत. आमच्या कॉलेजात त्या वर्षी सगळ्यात जास्त हैराण झाल्या होत्या त्या फिजिक्सच्या तुलसा कटरे मॅडम. आम्हा बाकीच्यांना पंखा पाहिजे होता. त्यांना पाहिजे होती तीन-चार दिवस न थांबता तापलेली भट्टी.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, म्हणून त्यांची सगळी गाऱ्हाणी आधी माझ्या कानावर यायची. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण माणूस झपाटलं की कसं दिसतं ते कळत होतं, आणि मॅडम झपाटलेल्या होत्या.

त्यांचं माहेर बिरसीच्या विमानतळाजवळचं. वडील बिसनलाल पटले, पोवार शेतकरी, आमचे वाडवडील माळव्यातून आले हे पाहुण्याला पाणी देतादेताच सांगणारे. मुलीला त्यांनी गोंदियाला बी.एस्सी. केली, नागपूरला एम.एस्सी. केली, आणि मगच आमगावच्या धनेंद्र कटऱ्यांशी लग्न लावून दिलं. धनेंद्रजी आमगावला एका राइस मिलचे मॅनेजर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, १९९९ ला, मॅडम आमच्याकडे लागल्या. रोज आमगावहून पॅसेंजरने यायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि कसलं तरी जाडजूड पुस्तक.

पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. आमच्याकडे पीएच.डी. बहुतेक जण प्रमोशनसाठी करतात. मी गमतीनं विचारलं, "मॅडम, विषय सोपा घेतला ना?"

"सर, तुमच्या घड्याळात, मोबाइलमध्ये, रेडिओत एक वस्तू असतेच," त्या म्हणाल्या. "ऑसिलेटर. विजेला एका ठरावीक तालात मागेपुढे हलवत ठेवणारा. तो नसला तर ना घड्याळ चालत, ना फोन लागत. मला तसा एक बनवायचा आहे."

"बाजारात मिळतो ना मग?"

"मिळतो. पण त्याला बरेच सुटे भाग लागतात, आणि ताल कमीजास्त करायचा म्हटलं की आणखी भाग. मला एका खड्यातच ते सगळं करायचं आहे. तिळाएवढ्या खड्यात. बटण फिरवलं की ताल बदलला पाहिजे."

तो खडा म्हणजे व्हॅनेडियम नावाच्या धातूचं एक ऑक्साइड. मॅडमनी मला ते बसच्या भाषेत समजावलं. एसटी खच्चून भरली की कोणालाच हलता येत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्यामुळे अडकलेला असतो. तसे या खड्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांमुळे अडकून बसतात आणि वीज वाहत नाही. पण खडा कपातल्या चहाइतका गरम झाला, अडुसष्ट अंशांवर गेला, की एका क्षणात सगळेच मोकळे होतात आणि तोच खडा धातूसारखी वीज नेतो. थंड झाला की पुन्हा अडकले.

"इथं एकट्या इलेक्ट्रॉनचं काही चालत नाही सर, सगळ्यांचं मिळून ठरतं. त्याला क्वांटम मटेरियल म्हणतात. त्याच्यातून थोडी वीज सोडली तर तो स्वतःच गरम होऊन मोकळा होईल, मोकळा झाला की थंड होऊन अडकेल, पुन्हा गरम होईल. झाला की नाही ऑसिलेटर?"

मला पटलं. अडचण एवढीच होती की तो खडा कुठे विकत मिळत नव्हता. तो स्फटिकाच्या रूपात वाढवावा लागत होता.

त्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक विजेची भट्टी आली. काचेसारख्या दिसणाऱ्या पण खूप ताप सोसणाऱ्या सिलिकाच्या नळीत व्हॅनेडियमच्या दोन पावडरी घालायच्या, नळीचं तोंड नागपूरला एका कारागिराकडून वितळवून बंद करायचं, नळी नऊशे अंशांच्या वर तापवायची आणि मग अगदी हळूहळू, दिवसेंदिवस थंड होऊ द्यायची. हळूहळू थंड झाली तरच आत स्फटिक वाढतात. घाई झाली की नुसता काळा गोळा.

आणि आमच्या गावाला तर लोडशेडिंग. भट्टी तापायची, वीज जायची, भट्टी धाडकन थंड. मॅडम प्रत्येक वेळी नळी फोडायच्या आणि आतून काळा गोळा निघायचा. कॉलेजच्या जनरेटरला ऑफिसचा एक कॉम्प्युटर झेपत नव्हता, तिथं भट्टी कुठून झेपणार.

त्या हिवाळ्यात नागपूरला त्यांचं प्रगतीचं सेमिनार झालं. त्यांचे मार्गदर्शक मेश्राम सर, मनानं मोठा माणूस. पण समितीत एक वरिष्ठ प्राध्यापक होते. गोळ्यांचे फोटो पाहून ते म्हणाले, "गोंदियात बसून क्वांटम मटेरियल? अहो, हे ज्यांच्याकडे मोठ्या लॅब आहेत त्यांचं काम. काही तरी जमण्यासारखं घ्या."

खोलीत हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "सर, आपण गोंदियात आहो हे त्या मटेरियलला थोडीच माहीत आहे?"

हशा आणखी मोठा झाला, पण या वेळी त्यांच्या बाजूनं. तरी बाहेर आल्यावर मेश्राम सरांनी समजावलं. "तुलसा, मी नाही म्हणत नाही. पण विषय बदललास तर दोन वर्षांत मोकळी होशील. विचार कर."

मॅडमनी विचार केला. आमगावच्या घरी, जेवायला वाढता वाढता, त्यांनी धनेंद्रजींना झालेलं सगळं सांगितलं. धनेंद्रजी घास तोंडात धरून ऐकत होते. ते फार बोलणारे नाहीत. बोलले की मात्र कामाचं.

"तू त्या कॉलेजच्या भट्टीपाशी रोज रडून राहिली," ते म्हणाले. "आमच्या मिलची भट्टी दिवाळीपासून विझत नाही. कायले तिचा विचार नाही करत?"

मॅडमच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा तांदूळ व्हायचा. धान वाफवायला बॉयलर, बॉयलरला भट्टी, आणि भट्टीला जळण म्हणून धानाचाच भुसा. भुसा मिलमध्ये डोंगरासारखा पडलेला असतो. वीज असो-नसो, हंगामात भट्टी रात्रंदिवस धगधगत राहायची.

"तिचं तापमान किती हाय?" मॅडमनी विचारलं.

"ते मले काय माहीत? वाफ होते एवढं माहीत."

"उद्या मोजून पाहते."

मिलचे मालक छोटेलालजी, गोंदियाचे व्यापारी. घरात आणि गादीवर हिंदीच. त्यांना वाटलं मॅनेजरची बायको मिल बघायला आली आहे, म्हणून त्यांनी चहा मागवला. मॅडमनी चहा घेतला आणि भट्टीच्या भिंतीत एक भोक पाहिजे असं सांगितलं.

"छेद?" छोटेलालजी दचकले. "भट्टी में? क्यों मैडम, भट्टी ने क्या बिगाड़ा?"

मॅडमनी सगळं सांगितलं. स्फटिक, इलेक्ट्रॉन, ऑसिलेटर. छोटेलालजींनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "फूटेगा तो नहीं?"

"फुटलं तर माझी नळी फुटेल, तुमची भट्टी नाही."

"फिर क्या है! भट्टी आपकी समझिए."

भिंतीत भोक पडलं. तापमान मोजायची तार आत गेली. आकडा चढत चढत नऊशेच्या पुढे गेला तेव्हा मॅडम भट्टीसमोर टाळ्या वाजवायला लागल्या. भट्टीवर भुसा लोटणारा मंगरू नावाचा माणूस फावडं टेकवून त्यांच्याकडे बघतच राहिला.

पण नुसत्या तापमानानं भागत नव्हतं. भुशाची आग मोठी चंचल. एक फावडं पडलं की भडकायची, जरा दम घेतला की बसायची. पहिली नळी त्या चढउतारानं तडकली. दुसरी थेट ज्वाळेत येऊन पाघळली. मॅडमनी ती पाघळलेली नळी हातात घेऊन पाहिली. तिच्या एका बाजूवर पांढऱ्या राखेचा जाड थर बसला होता, आणि त्या थराखालचा भाग मात्र जसाच्या तसा राहिला होता.

भुशाची पांढरी राख उष्णता लवकर आत येऊ देत नाही आणि लवकर बाहेरही जाऊ देत नाही. पुस्तकात ते होतंच, पण इथं ते समोर दिसत होतं. मॅडमनी एक जाड लोखंडी पाइप एका बाजूनं बंद करून घेतला, त्यात पांढरी राख ठासली आणि राखेच्या मध्ये नळी ठेवली. बाहेर आग कितीही नाचली तरी आतल्या तापमानाचा काटा जागचा हलेना. धनेंद्रजी तो काटा पाहून म्हणाले, "बापरे, हे तर आपल्या घड्याळापेक्षाही गरीब हाय!" त्यांच्या बोलीत गरीब म्हणजे शांत.

आता राहिलं थंड करणं. भट्टी तर सतत चालू. नळी बाहेर काढली की ती झटक्यात थंड होणार, आणि पुन्हा काळा गोळा. मॅडम कितीतरी दिवस यावर अडल्या होत्या. मिलचा हंगाम जून उजाडेपर्यंत चालला, कारण इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचं उन्हाळी धानही तिथंच यायचं. मग एक दिवस धनेंद्रजी सहज बोलले, की उद्यापासून मिल साफसफाईला बंद, भट्टीत भुसा टाकणं थांबवणार.

"एकदम विझवता का?" मॅडमनी विचारलं.

"विझवायची काऊन? आपोआप विझते. एवढ्या जाड विटा आहेत. आठवडाभर हात लावता येत नाही."

मॅडम चपला पायात सरकवत तशाच मिलवर गेल्या. एक नवी नळी तयार होती, ती राखेच्या पाइपात घालून भट्टीत ठेवली. मंगरूनं शेवटचं फावडं टाकलं. भट्टीची दारं मातीनं लिंपून बंद केली. बाहेर कोणी काहीच करायचं नव्हतं, फक्त वाट पाहायची होती, आणि मॅडमना सगळ्यात जड गेलं ते हेच. रोज कॉलेजातून परत जाताना त्या मिलवर थांबायच्या, विटांना तळहात लावायच्या आणि घरी जायच्या.

विटा कोमट झाल्या तेव्हा पाइप काढला. नळी अख्खी होती. दुसऱ्या दिवशी ती त्यांनी प्रयोगशाळेत हातमोजे घालून फोडली. आतून पुन्हा एक गोळाच निघाला, नारिंगी-तपकिरी. मी दारात उभा होतो. माझा चेहरा पडला.

"थांबा सर," त्या म्हणाल्या. "ही वरची खपली आहे. धुवावी लागते."

सोड्याच्या कोमट पाण्यात त्यांनी तो गोळा ठेवला. पाणी नारिंगी झालं. ते काढून दुसरं घातलं, तेही नारिंगी. असं पाणी बदलणं पुढे बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना मॅडमची हाक आली. मी वर्ग सोडून गेलो. काचेच्या तबकडीत काळ्या-निळ्या सुया पडल्या होत्या. बारीक, टोकदार, खिडकीतल्या उजेडात चकाकणाऱ्या. एक तांदळाच्या कणीएवढी, बाकीच्या त्याहून लहान.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्या बाई स्टुलावर बसून खळखळून हसू लागल्या. पोरं प्रॅक्टिकल सोडून भोवती जमली. कोणी तरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. कशासाठी ते निम्म्यांना माहीत नव्हतं.

मेश्राम सरांनी नागपूरच्या यंत्रावर सुया तपासल्या. अडुसष्ट अंशांच्या आसपास विजेचा अडथळा हजारो पटीनं कोसळला. सरांनी फोनवर फक्त एवढंच म्हटलं, "तुलसा, विषय बदलायचा नाही."

आता सुईला बोलतं करायचं होतं. दोन टोकांना चांदीच्या लेपानं बारीक तारा चिकटवायच्या, एक रेझिस्टर जोडायचा, बॅटरीची वीज एका बटणानं कमीजास्त करायची. पुढे एक लहान स्पीकर, म्हणजे ताल कानानं ऐकता येईल.

त्या सकाळी मी वरच्या मजल्यावर अलंकार शिकवत होतो. अनुप्रासाचं उदाहरण देतो न देतो तोच खालून एक शिट्टी आली. बारीक, सरळ, न थरथरणारी. पोरं हसायला लागली. कोणी म्हणालं, कँटीनमध्ये कुकर लागला. पण कुकरची शिट्टी अशी चढत नाही. ही चढत गेली, थांबली, मग हळूच उतरली, पुन्हा चढली. कोणी तरी ती हातानं वरखाली करत होतं.

मी पुस्तक मिटलं आणि जिना उतरलो.

मॅडम बटणावर बोटं ठेवून उभ्या होत्या. "सर, ऐका," त्या म्हणाल्या. "वीज वाढवली." सूर चढला. "कमी केली." सूर उतरला. "हा एवढासा खडा. आत कॉइल नाही, काही नाही."

आणि तेवढ्यात कट् असा आवाज झाला आणि शिट्टी बंद.

सुई मधोमध तुटली होती.

मॅडमनी पाहिलं, मान हलवली. "तुटू दे," त्या म्हणाल्या. "वाजली ना!"

पण पुढची सुईही तुटली. तिच्या पुढचीही. काही मिनिटं वाजायच्या, मग कट्. कारण त्यांना ठाऊक होतं. अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात तेव्हा खडा आतून आपली मांडणीही बदलतो, त्याची लांबी अगदी किंचित कमीजास्त होते. सेकंदाला हजारदा ती ओढाताण. दोन्ही टोकं घट्ट चिकटवलेली, मग बिचारी सुई करणार काय? मॅडमनी लेप बदलला, पातळ केला, कडक केला, बुडाला अभ्रक घातला. कट्, कट्, कट्. पुढच्या हंगामात मिलच्या भट्टीतून नव्या सुया आल्या, त्याही गेल्या. त्या वर्षी स्टाफरूममध्ये त्या डबा उघडायच्या आणि न खाता बंद करायच्या.

उत्तर एका बिघडलेल्या तुकड्यानं दिलं. चिकटवताना ज्या सुयांची एक तार सुटली होती, त्या वाया गेल्या म्हणून मॅडमनी एका डबीत टाकल्या होत्या. टेबल आवरताना त्यांनी त्यातली एक सहज जोडून पाहिली. तार लेपातून निघालेली होती, नुसती टेकलेली. स्पीकर खरखरला, बंद झाला, पुन्हा खरखरला. आवाज वाईट होता, पण तो बंद पडून परत येत होता. बाई दुपारभर तिथंच बसल्या. घट्ट चिकटवलेली कुठलीही सुई इतका वेळ टिकली नव्हती. ही वेंधळी सुई टिकली, कारण तिचं एक टोक मोकळं होतं.

मग एकच टोक पक्कं करायचं ठरलं. दुसऱ्या टोकाला केसासारखी बारीक तार घेऊन तिचा सैल वेटोळा केला आणि त्याचं टोक तेवढं सुईला लावलं. आता सुई लांबली तर वेटोळा लांबणार, आखडली तर आखडणार. सुई वाजू लागली. मॅडमनी सूर मध्यावर ठेवला, दिवा बंद केला आणि आमगावच्या गाडीला निघून गेल्या. शिपायानं सकाळी दार उघडलं तर आत शिट्टी चालूच. त्यानं घाबरून प्रिन्सिपलना बोलावलं. प्रिन्सिपलनी मला बोलावलं. मी म्हटलं, "काही करू नका, हात लावू नका, मॅडमना येऊ द्या."

मॅडम आल्या, दारातच थांबल्या, ऐकलं. मग पिशवी खाली ठेवून थेट टेलिफोनकडे गेल्या आणि मिलवर फोन लावला. "अहो, वाजून राहिली! कालपासून वाजून राहिली!" पलीकडे मिलच्या यंत्रांच्या घरघरीत धनेंद्रजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण मॅडम फोन ठेवून डोळे पुसत होत्या.

२०११ मध्ये त्यांची नागपूरला तोंडी परीक्षा झाली. आमच्या कॉलेजातून निम्मा स्टाफ गेला. बिसनलालजी आले, स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं. छोटेलालजी स्वतःची गाडी काढून आले आणि पहिल्या रांगेत बसले. भट्टी त्यांची, म्हणून तो त्यांचा हक्कच होता. धनेंद्रजींनी गोंदियापासून नागपूरपर्यंत गाडीत त्या वाजणाऱ्या सुईची डबी मांडीवर धरली होती. कोणी सरका म्हटलं तरी सरकले नाहीत.

परीक्षक बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेतून आले होते. तेच वरिष्ठ प्राध्यापकही समितीत होते, ज्यांनी गोंदियाचं नाव घेऊन हसवलं होतं. मॅडम अर्धा तास बोलल्या. आलेख दाखवले, आणि मिलच्या भट्टीचा फोटोही दाखवला. तो पाहून सभागृह हललं, पण आता कोणी हसलं नाही. मग त्यांनी डबी उघडली, स्पीकर लावला.

सूर निघाला. मॅडमनी बटण फिरवलं, सूर चढत चढत कानाला टोचेल इतका वर गेला आणि गुंजारवापर्यंत खाली आला. परीक्षक खुर्चीतून उठले.

"मी फिरवू?" त्यांनी विचारलं.

"फिरवा ना, सर."

त्यांनी बटण हातात घेतलं. चढवलं, उतरवलं, थांबवलं. मग डोळे बारीक करून, कान देऊन, एक एक करत त्यांनी सरगमचे सूर शोधले. सा, रे, ग. मपर्यंत येताना जरा चुकले, मागे गेले, बरोबर पकडला. वरच्या सा ला पोचल्यावर त्यांनी हात वर केला आणि सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.

"प्रश्न नंतर," परीक्षक म्हणाले. "आधी सांगा, मला यातले दोन स्फटिक द्याल का?"

ते वरिष्ठ प्राध्यापकही पुढे आले. "आमच्या लॅबला पण," ते म्हणाले. "मी त्या दिवशी चुकीचं बोललो होतो, मॅडम."

"त्या दिवशी माझ्याजवळ गोळाच होता, सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तरी काय बोलणार?"

बिसनलालजींना ते इंग्रजी-मराठी मिसळलेलं बोलणं फार कळलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मुलीला विचारलं, "बाई, हे वाजते ते ठीक. पण हे लागते कायले?"

"बाबा, आपल्या वावरावरून बिरसीची शिकाऊ विमानं जातात ना? त्यांतला पायलट खालच्या माणसाशी रेडिओवर बोलतो. त्या रेडिओत असा एक ताल धरणारा असतेच. माझा लहान आहे, आणि ताल पाहिजे तसा बदलवते."

बिसनलालजींनी डबीकडे पाहिलं. मग व्हरांड्यातल्या अनोळखी माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "विमानातलं यंत्र! आमच्या बाईनं केलं!"

मॅडम म्हणाल्या, "बाबा, विमानात नाही बसवलं अजून."

"बसवतीन," म्हातारे म्हणाले. "त्याईले काय, अक्कल नाही का?"

छोटेलालजींनी त्या दिवशी सगळ्यांना जेवण दिलं. जेवताना ते प्रत्येकाला सांगत होते, "हमारी भूसी से हुआ है. भूसी से!" आणि हे खरंच होतं, म्हणून कोणी अडवलं नाही.

बंगळूरच्या संस्थेत पुढे त्या खड्याचा पातळ थर काचेवर चढवून, डोळ्याला दिसणारही नाही इतका छोटा ऑसिलेटर बनवायचं काम सुरू झालं. त्यात मॅडमचं नाव होतं आणि वर्षातून दोनदा त्या तिकडे जाऊ लागल्या. तिकडेच या, असंही त्यांना सांगून झालं. त्यांनी सांगितलं, येईन-जाईन, पण राहणार इथंच. आमच्या प्रयोगशाळेत मात्र चांगली भट्टी आली, सोबत तिला पुरेल असा जनरेटर, आणि लोडशेडिंगही एव्हाना कमी झालं होतं. मिलच्या भट्टीला सुट्टी मिळाली.

मी २०१४ ला रिटायर झालो. निरोपाच्या दिवशी भाषणं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, पाच मिनिटं खाली चला." धनेंद्रजी तिथं आधीच येऊन बसले होते. टेबलावर दोन सुया, दोन बटणं, दोन स्पीकर.

त्यांनी पहिली सुई लावली. एक सूर. दुसरी लावली, दुसरा सूर, पहिल्यापेक्षा थोडा खाली. दोन्ही एकत्र वाजले की हवेत एक घुमारा उठायचा, वां-वां-वां, जसे दोन गाणारे एकमेकांशी जुळत नाहीत.

"आता बघा," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही सुयांच्या मध्ये एक बारीकसा जोड लावला, फक्त एक छोटा भाग, दोन तारांचा. बटणांना हात लावला नाही.

घुमारा मंद झाला. वां... वां... आणि मग थांबला. दोन्ही सुयांनी एकमेकींचा सूर धरला होता. एकच सूर, दुप्पट भरलेला, खोलीभर.

"कोणी सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "मी दोन वर्षं हेच करून पाहत होते. आज सकाळी जुळलं. अशा शंभर जोडल्या तर त्या मिळून हिशेबसुद्धा करतील, सर. कॉम्प्युटरला जड जातात तसे."

धनेंद्रजींनी मान वर केली. "शंभर?" ते म्हणाले. "मग छोटेलालजींना सांगू का, भट्टी पेटवा म्हणून?"

मॅडम हसल्या, आणि त्या हसण्यातही तो सूर तसाच चालू होता.